शांत झाली

उंबरमाचीच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेनंतर एक मिनिट मौन पाळण्याचा रिवाज होता, आणि ते मौन ऐकण्यासाठी लांबून लांबून माणसे येत. तीनशे मुले डोळे मिटून उभी राहत. काही क्षण नुसता वाऱ्याचा आवाज येई. मग एखाद्या रांगेतले मूल लागोपाठ दोन आखूड श्वास घेई, जरासे अडखळे आणि लांब सुस्कारा सोडी. त्याच्यामागून दुसऱ्या रांगेतले कुणी, मग खिडकीपाशी उभे असलेले कुणी. दोन आखूड, एक अडखळ, एक लांब. मुद्दाम कुणीच करत नसे. पाहुण्यांनी विचारले तर मुले एकमेकांकडे बघून हसत. आपण काही वेगळे करतो हे त्यांना ठाऊकच नव्हते. सगळे जग असाच श्वास घेते अशी त्यांची समजूत होती.

वैद्यकाच्या पुस्तकांत या लकबीला 'उंबरमाची उसासा' असे नाव मिळाले होते. तिच्यापासून अपाय काही नव्हता. तालुक्यातल्या तेवीस वर्षांखालच्या ज्या कुणाला लहानपणी न्यूमोनियाने गाठले होते आणि जो त्यातून उठला होता, त्याच्यात ती हमखास आढळे. ओल्या भिंतींच्या आणि चुलीच्या धुराच्या या मुलखात न्यूमोनियाने न गाठलेले मूल विरळाच. पूर्वी त्यांतली कितीतरी उठत नसत. आता जवळजवळ सगळी उठत.

डॉ. ऋजुता परचुरे यांनी ते मौन त्या दिवशी प्रथमच ऐकले. ज्या यंत्रामुळे ही मुले उठली ते त्यांनी शोधलेले, म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना आग्रहाने पायरीवर उभे केले होते. मौन संपल्यावर ते म्हणाले, "मॅडम, ही सगळी तुमचीच लेकरं म्हणायची."

"नाही, नाही," ऋजुताबाई म्हणाल्या. तो त्यांचा विनय समजला गेला.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. राज्यभरच्या यंत्रांची पाहणी पुण्याच्या त्यांच्या संस्थेकडे होती आणि त्या स्वतः कोकणापासून मेळघाटापर्यंत फिरल्या होत्या. उंबरमाचीला मात्र दर वर्षी सहायकाला पाठवत आल्या होत्या. या वेळी रुग्णालयाने पत्र लिहिले होते की, निवृत्तीपूर्वी एकदा तरी यावे, जिथे हे सारे सुरू झाले ते ठिकाण आपण टाळू नये. लिहिणाऱ्याने 'टाळू' हा शब्द सहजच वापरला असणार. ऋजुताबाईंनी ते पत्र चार वेळा वाचले होते, आणि चारही वेळा त्यांची नजर त्याच शब्दापाशी थांबली होती.

शाळेतून त्या रुग्णालयात आल्या तेव्हा दहा वाजले होते. भादव्यातले ऊन-पावसाचे दिवस. बालविभागात सहा खाटा होत्या आणि पाचांवर मुले होती. तिथल्या सिस्टर वृषाली गभाले बावीस वर्षांच्या, याच तालुक्यातल्या.

"मॅडम, तुम्ही आलात म्हणून मंडळी आज शहाण्यासारखी वागतायत," वृषाली म्हणाली. "एरवी ही दोन नंबरची महाराणी माझं ओळखपत्र चघळल्याशिवाय औषध घेत नाही." एवढे बोलून तिने दोन आखूड श्वास घेतले, अडखळली, सुस्कारा सोडला आणि पुढे चालू लागली. ऋजुताबाईंनी नजर तक्त्याकडे वळवली.

प्रत्येक खाटेच्या उशाशी एक सोबतीण होती. यंत्राचे कागदोपत्री नाव 'अनुश्वास', म्हणजे एका श्वासामागून दुसरा श्वास चालवणारे. पण डोंगरातल्या बायकांनी पहिल्याच वर्षी त्याला 'सोबतीण' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिले. दिसायला ती फार साधी होती: पाण्याची काचेची बाटली, तीत बुडवलेली नळी, बाटलीच्या बुडाशी हाताच्या तळव्याएवढा थरथरणारा पडदा आणि दोन दिवस पुरेल एवढी बॅटरी. शहरातल्या मोठ्या श्वासयंत्रांना अखंड वीज लागते आणि ती हाताळायला तज्ज्ञ लागतात. घाटमाथ्यावर दोन्हींची शाश्वती अजूनही नव्हती.

न्यूमोनियात फुप्फुसातले लक्षावधी वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या, आतून चिकटून बसतात. नव्या प्लास्टिकच्या पिशवीचे तोंड चिकटलेले असते आणि नुसते फुंकून ते उघडत नाही, तसेच काहीसे. मूल श्वास ओढते, बरगड्या आत जातात, पोट उडते आणि तासा-दोन तासांत ते दमून जाते. यावरचा जुना उपाय म्हणजे बाटली. मुलाच्या नाकात हवेच्या नळ्या द्यायच्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेची नळी पाण्यात बुडवायची. जितकी नळी खोल, तितका फुप्फुसावर दाब. त्या दाबाने उघडलेले कोश पुन्हा मिटत नाहीत. हवा पाण्यातून बाहेर पडताना बुडबुडे येतात. जोवर बाटली बुडबुडते आहे, तोवर हवा मुलापर्यंत पोहोचते आहे. हे एवढे कुणालाही समजण्याजोगे होते, आणि जगभरच्या गरीब दवाखान्यांत कितीतरी मुले त्यावर जगली.

ऋजुताबाईंचा शोध त्यापुढचा होता. चिकटलेली पिशवी आपण कशी उघडतो? फुंकून नव्हे, बोटांत धरून हलकेच फडफडवतो. बुडबुड्यांचे अनियमित हादरे तेच काम करतात हे पूर्वी कळलेले होते. ऋजुताबाईंच्या लक्षात आले की, कुठलेही हादरे चालत नाहीत. यंत्राने बनवलेली अनियमितता फुप्फुस फारशी जुमानत नाही. पण जे फुप्फुस पूर्ण मिटलेल्या अवस्थेतून स्वतः उघडत गेले, त्याच्या श्वासाने बाटलीच्या पाण्यात जी थरथर उमटली, ती जर टिपून दुसऱ्या बाटलीत पुन्हा उमटवली, तर तिथले मिटलेले फुप्फुस तिच्या मागोमाग उघडू लागते. एकाची जांभई पाहून दुसऱ्याला यावी तशी. या टिपलेल्या थरथरीला त्यांनी 'आदिलय' हे नाव दिले.

अशा आणखी लयी मिळवण्याचा प्रयत्न पुढे खूप झाला. दोनशेहून अधिक मुलांचे श्वास टिपले गेले. एकही इतका लागू पडला नाही. कारण सरळ होते. असा श्वास मिळायचा तर अत्यवस्थ मुलाला दुसरी कुठलीही मदत न देता एकतीस तास नुसत्या बाटलीवर ठेवावे लागते, आणि आता तशी परवानगी कुणी देत नाही. त्यामुळे राज्यातल्या अकराशे दवाखान्यांत एकच आदिलय चालत होती. एकतीस तासांतली शेवटची चाळीस मिनिटे, ज्यांत अर्धवट मिटलेले ते फुप्फुस जवळजवळ पुरते उघडत गेले. चाळीस मिनिटे संपली की पुन्हा पहिल्यापासून. ती कुणा मुलाची, हे विचारायचे कारण कुणाला पडले नाही. कागदावर 'स्रोत क्रमांक एक' एवढेच होते. बऱ्या झालेल्या मुलांत त्या स्रोताची एक लकब कायमची उतरते, हे नंतर लक्षात आले. पण जीव वाचवणाऱ्या औषधाची इतकी किरकोळ खूण कुणाच्या डोळ्यांवर आली नाही.

साडेदहाच्या सुमाराला रिकामी खाट भरली. पन्नाशी ओलांडलेली एक बाई आठ महिन्यांच्या नातवाला छातीशी धरून आत आली. तिच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"रातीपसून पोट उडतंय," ती म्हणाली. "आई त्याची द्राक्षाच्या कामावर गेलीया नाशकाकडं. निघाली म्हणती. सांजपतुर येईल."

वृषालीने मुलाच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि चेष्टेचा सूर टाकून झपाट्याने कामाला लागली. नाकात नळ्या बसल्या, पट्टी चिकटली, बाटली बुडबुडू लागली. मग तिने सोबतिणीची कळ दाबली. "आजी, आता घाबरू नका. सोबतीण आली. घटकाभरात बघा कसा—"

"बंद कर," आजी म्हणाली.

वृषाली थांबली. आजीने खाली वाकून कान बाटलीला लावला होता. बाटलीतून थरथर येत होती: दोन आखूड, एक अडखळ, एक लांब.

"हे कुठनं आनलं तुमी?" आजीने विचारले. आवाज चढलेला नव्हता. "हा श्वास मपल्या पोरीचा हाय. काजलचा."

"आजी, तसं सगळ्यांना वाटतं हो," वृषाली समजुतीने म्हणाली. "माझी आई पण म्हणते, हा तर माझ्या वृषीचा आवाज. अख्ख्या तालुक्याचाच तसा आहे."

"ते ठाव हाय मला. काजल गेल्यापसून दवाखान्यात आज पयल्यांदाच आले. बाजारात, लग्नात, कुनाचंबी पोर मांडीवर घेतलं का मला तीच ऐकू यायची. भगताकडं जाऊन आले, दोनदा. मला वाटलं, मपल्या पापानं मपलं डोकं फिरलं. पर त्या पोरांनी तिचं घेतलेलं व्हतं. हे घेतलेलं नाय." तिने बाटलीवर बोट ठेवले. "हे तिचंच हाय."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऋजुताबाई तक्ता हातात धरून उभ्या होत्या. नाव विचारण्याची गरज नव्हती, तरी त्यांनी खाटेपाशी येऊन नोंदीकडे पाहिले. ठमाबाई गोविंद लांघी, मुक्काम कळमदरा. रुग्णालयापासून अकरा किलोमीटर.

काजल चौदा महिन्यांची होती. तीस वर्षांपूर्वी, याच जागी, तेव्हा पत्र्याच्या असलेल्या खोलीत, अठ्ठावीस वर्षांच्या ऋजुता परचुरे एकट्या डॉक्टर होत्या. दरड कोसळून घाट बंद होता, वीज नव्हती, प्राणवायूची टाकी संपली होती. त्यांनी पायाने दाबायच्या भात्याला नळी जोडून बाटली तयार केली होती आणि प्रबंधासाठी बाटलीवर बटणाएवढे ध्वनिमुद्रक चिकटवले होते. ठमाबाईचा नवरा आणि दीर पाळीपाळीने भाता दाबत. ठमाबाई उशाशी बसून असे. तिला त्यांनी स्वच्छ सांगितले होते, "तुमचं काम एकच. बुडबुड ऐकत राहायचं. बाटली शांत झाली की लगेच मला सांगायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काजलच्या ओठांचा निळा रंग गेला होता. तीन वाजता ऋजुताबाई शेजारच्या खाटेवर दुसऱ्या एका मुलाची शीर शोधत होत्या. शीर सापडत नव्हती. सुई तिसऱ्यांदा टोचली होती. तेव्हा पाठीमागून ठमाबाई म्हणाली, "बाई, शांत झाली."

मराठीत बाटलीही स्त्रीलिंगी आणि मुलगीही. ज्याच्याबद्दल बोलायचे त्याचे नाव आपण पुष्कळदा घेतही नाही. एकतीस तास किरकिरणारी मुलगी अखेर शांत झाली, असे ऋजुताबाईंनी ऐकले, आणि मान न वळवता त्या म्हणाल्या, "बरं झालं. निजू द्या. आता उठवू नका."

ठमाबाईने उठवले नाही. डॉक्टरबाईंना सांगायचे होते ते तिने सांगितले होते, आणि बाई बरं झालं म्हणाल्या होत्या. भात्यावर पेंगत बसलेल्या दिरालाही तिने हातानेच थांब म्हटले. नळी सांध्यातून निसटली होती. पंचवीस मिनिटांनी ऋजुताबाई वळल्या.

त्यानंतर त्या जे बोलल्या ते साऱ्या खोलीने ऐकले. "बाटली शांत झाली की सांगायचं, एवढं एकच काम होतं तुम्हाला. एवढंही झालं नाही?" ठमाबाईने मान खाली घातली. नोंदवहीत त्यांनी लिहिले: 'नळी निसटली. सोबतच्या नातेवाइकाने वेळीच कळवले नाही.' तसे त्यांना त्या दिवशी प्रामाणिकपणे वाटत होते. तीन आठवड्यांनी पुण्यात, प्रबंधाच्या कामासाठी, त्यांनी ते मुद्रण शेवटपर्यंत ऐकले.

नोंदवही त्यांनी दुरुस्त केली नाही. घाट उघडला होता, बदली झाली होती. कळवून ती मुलगी थोडीच परत येणार होती? सात वर्षांनी आदिलय तयार झाली तेव्हा त्यांनी मुद्रण त्या वाक्याच्या एक श्वास अलीकडे कापले. आणि जेव्हा श्वासस्रोताचा कायदा झाला, म्हणजे ज्याचा श्वास यंत्रात वापरला त्याला किंवा त्याच्या आईवडिलांना तो केव्हाही परत मागता येईल आणि मागितल्यापासून सात दिवसांत तो सगळ्या यंत्रांतून काढावा लागेल असे ठरले, तेव्हा विहित कागदावर त्यांनी लिहिले: 'पालकांचा ठावठिकाणा लागला नाही.'

कापलेला तुकडा मात्र त्यांनी टाकला नाही. तो त्यांच्या पर्समध्ये एका लहानशा ध्वनिमुद्रकात तेवीस वर्षे होता. का ठेवला, हे त्यांना सांगता आले नसते.

"सिस्टर, यंत्र चालू ठेवा," ऋजुताबाई म्हणाल्या. "ठमाबाई, मी ऋजुता परचुरे."

ठमाबाईने त्यांच्याकडे निरखून पाहिले. पांढऱ्या केसांवरून तिची नजर खाली उतरली आणि ती चटकन उठून उभी राहिली. ऋजुताबाईंना कळेना हे काय चालले आहे. मग ध्यानात आले: ती अपराध्यासारखी उभी होती. हात पोटाशी बांधलेले, मान खाली.

"बाई, मला वळखलं नाय तुमी आल्याआल्या," ती म्हणाली. "बरं झालं म्हनलं. तुमी म्हनलात मी सांगितलं नाय, म्हंजी त्या वक्ताला मला डुलकीच लागली आसंल, बाई. दोन दिसांची जागी व्हते. पर आईला डुलकी लागावी का? ह्याचे आजोबा मरेपतुर तेच बोलत गेले. आज बघा, मी एक पापनी मिटली नाय. डोळं तानून धरलेत म्हना ना."

वृषालीने खाली पाहिले. पाचव्या खाटेवरचे मूल कुरकुरले तशी ती घाईने तिकडे गेली.

ऋजुताबाईंच्या मनात त्या क्षणी जे आले ते फार समजूतदार होते. मूल अत्यवस्थ आहे. चोवीस तास जाऊ द्यावेत. आत्ता सांगितले आणि या बाईने रागाने नळी ओढली तर? कायद्याने तिला श्वास परत मागण्याचा हक्क आहे, आणि तिने तो वापरला तर आठवडाभरात अकराशे दवाखाने मुके होतील. उद्या सांगू. मूल उठल्यावर सांगू. आणि मग त्यांना जाणवले की, हे वाक्य आपण पूर्वी बोललो आहोत. निजू द्या. आता उठवू नका. तीस वर्षे त्या हेच एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बोलत आल्या होत्या.

"बसा, ठमाबाई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला डुलकी लागली नव्हती."

"लागली व्हती, बाई."

"नाही. तुम्ही मला सांगितलं होतं."

ठमाबाई खुळ्यासारखी बघत राहिली. ऋजुताबाईंनी पर्समधून ध्वनिमुद्रक काढले. कळ दाबल्यावर आधी बुडबुड आली, भात्याची करकर आली, पत्र्यावरचा पाऊस आला. मग बुडबुड थांबली. एक तरुण, दमलेला, पण पूर्ण जागा आवाज म्हणाला, 'बाई, शांत झाली.' आणि दुसरा, घाईतला, 'बरं झालं. निजू द्या. आता उठवू नका.'

ऋजुताबाईंनी ते थांबवले.

"ही मी?"

"हो."

"म्हंजी मी जागी व्हते."

"जागी होतात. बाटलीबद्दल सांगत होतात. मला वाटलं, मुलगी शांत झाली. मी वळूनही पाहिलं नाही. आणि नंतर सगळ्यांसमोर तुमच्यावर टाकलं. हे मला तीन आठवड्यांत कळलं होतं."

"तीन आठवडे," ठमाबाई म्हणाली. ती मनाशी मोजत असावी. तीन आठवडे कुठे आणि तीस वर्षे कुठे. "ते असते तर त्यांना ऐकवलं असतं. दोन वरसं झाली जाऊन." तिने ध्वनिमुद्रकाकडे हात केला. "ह्याच्याम्होरं काय हाय?"

"पंचवीस मिनिटं काही नाही. पाऊस आहे."

"आन् ह्यात?" तिने सोबतिणीकडे पाहिले. "ह्यात हे का नाय?"

ऋजुताबाईंनी सांगायला सुरुवात केली. वायुकोश, थरथर, आदिलय. व्याख्यानात वर्षानुवर्षे वापरलेली वाक्ये तोंडात येऊ लागली तशा त्या थांबल्या आणि साध्या शब्दांत बोलल्या. काजलचे फुप्फुस उघडत गेले, ती बरी होत होती. कसे उघडायचे ते तिच्या श्वासाला कळले होते. तो श्वास ऐकून दुसऱ्या मुलांची फुप्फुसे उघडतात. म्हणून तो ठेवला. न विचारता ठेवला.

"ती बरी व्हत व्हती," ठमाबाई म्हणाली.

"हो. या चाळीस मिनिटांत जवळजवळ बरी झाली होती."

"आन् मंग चाळीस मिनिटं झाल्याव?"

"मग पुन्हा पहिल्यापासून."

ठमाबाईने नातवाच्या पोटावर हात ठेवला होता. ते पूर्वीइतके उडत नव्हते.

"म्हंजी बरी व्हत आली का पुन्ना आजारी," ती हळूहळू म्हणाली. "दिसभर. रातभर. समद्या दवाखान्यात. इतकी वरसं झाली." मग तिने मान वर केली. "त्या दिशी तुमी म्हनलात, निजू द्या. बाई, मंग तुमी तिला निजू कुठं दिली? शांत व्हऊच दिली नाय तिला."

आदिलयीवर ऋजुताबाईंनी एकशे बारा निबंध लिहिले होते, आणि ही एवढी गोष्ट त्यांना कधी सुचली नव्हती. त्यांनी कायद्याबद्दल सांगितले. ठमाबाईने नाही म्हटले तर सात दिवसांत अकराशे दवाखान्यांतून काजलचा श्वास निघेल. त्याजागी बसवायला दुसरे काही नाही, हेही सांगितले. आणि सांगताना आपण तिच्यावर पुन्हा काहीतरी टाकतो आहोत हे त्यांना समजत होते. खोटे बोलल्याशिवाय ते टाळण्याचा मार्ग नव्हता. सहीचा कागद त्यांनी स्वतः पाहणीच्या फाइलीतून काढून खाटेवर ठेवला. 'पालकांचा ठावठिकाणा' या ओळीपुढचे जुने शब्द खोडून त्यांनी लिहिले: कळमदरा, अकरा किलोमीटर.

"तुमास्नी काय व्हईल?" ठमाबाईने विचारले.

"चौकशी होईल. व्हायला हवी."

"आन् ह्या पोरांस्नी?"

ऋजुताबाईंनी खाटांच्या रांगेकडे पाहिले.

ठमाबाईने कागद दोन्ही हातांनी धरला. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. अक्षर अक्षर जुळवून वाचत राहिली. "ह्याचं पोट उडायचं थांबू द्या," ती अखेरीस म्हणाली. "मंग सही करते. हा उठला का तिला निजवायची. आईचा शबुद हाय. तवर चालू ठेवा."

"ठीक आहे," ऋजुताबाई म्हणाल्या. तीस वर्षांत प्रथमच त्यांना पाठ टेकून बसावेसे वाटले. पुढे जे व्हायचे ते होवो, ठरवणारी व्यक्ती आता योग्य जागी बसली होती. हा दिलासा किती स्वार्थी आहे हे कळायला त्यांना घटकाभर लागली.

दुपारी एकला नातवाचे ओठ गुलाबी झाले. अडीचला त्याने बरगड्या ओढणे थांबवले आणि ठमाबाईच्या बांगड्यांशी चाळा सुरू केला. वृषालीने आकडा पाहून सांगितले, "आजी, आता हा नाही ऐकायचा कुणाला. बघा, उठला." आणि दोन आखूड श्वास घेऊन तिने सुस्कारा सोडला. ठमाबाईने तिच्याकडे पाहिले. मग तिला जवळ बोलावले आणि नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. वृषालीला वाटले, आजी आभार मानताहेत.

ठमाबाईने पेन मागितले. ऋजुताबाईंनी दिले.

त्याच वेळी आवारात जीप थांबली. दारातून एक मुलगी आत आली, असेल वीस-एकवीस वर्षांची, ओढणीत गुंडाळलेले मूल दोन्ही हातांवर तोलून धरलेले. चालून नव्हे, तर भीतीने तिला धाप लागली होती. आणि त्या धापेतही दोन आखूड, एक अडखळ, एक लांब ऐकू येत होते. तिच्या हातांवरच्या मुलाचे पोट उडत होते.

"सिस्टर, कुठं ठेवू?" ती म्हणाली.

सहाही खाटा भरलेल्या होत्या. वृषालीने ऋजुताबाईंकडे पाहिले. ऋजुताबाईंनी ठमाबाईकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली, कारण त्या नजरेत विनंती होती, आणि विनंती करण्याचा हक्क त्यांनी केव्हाच गमावला होता. तीस वर्षांपूर्वी ज्या बाईला त्यांनी एका बाटलीवर कान ठेवायला बसवले होते, तिच्यासमोर त्यांनी आता अकराशे दवाखान्यांतल्या बाटल्या ठेवल्या होत्या. आणि जीपनंतर जीप येतच राहणार होती.

ठमाबाई उठली. नातवाला तिने खांद्यावर घेतले, खाटेवरची चादर झटकली आणि त्या मुलीला म्हणाली, "हितं ठेव. बस उशाशी. ही बाटली शांत झाली का वरडायचं. 'बाटली' म्हनून वरडायचं, ध्यानात ठेव. नाव घिऊन." सही न केलेला कागद तिने घडी घालून कमरेला खोचला.

वृषालीने नळ्या बदलल्या. सोबतिणीतली चाळीस मिनिटे संपत आली होती. ठमाबाईला आणि ऋजुताबाईंना आता ती जागा ठाऊक होती. बुडबुड विरळ होत गेली. पुढच्या श्वासाला ते वाक्य यायचे, आणि ऋजुताबाईंनी श्वास रोखून धरला. वाक्य आले नाही. पडदा क्षणभर थांबला आणि पहिल्या मिनिटातली, अर्धवट मिटलेल्या फुप्फुसाची, कष्टाची थरथर पुन्हा सुरू झाली.

ठमाबाईने वाकून बाटलीवर तळवा ठेवला. तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"ऊठ, बाई," ती हळूच म्हणाली. "अजून एक आलंय."